सहाव्या तिकिटावरची हळद

मंगळवारी सकाळी आक्का गेली. ती दौंडला होती, मी शिरूरला होतो. तिच्या मुलीचा, म्हणजे माझ्या भाचीचा, फोन आला तेव्हा मी वाचनालयाचं कुलूप काढत होतो. कुलूप परत लावलं आणि एसटी स्टँडवर गेलो.

तेराव्यापर्यंत घरात माणसं होती. ती गेल्यावर भाचीने आक्काचं कपाट उघडलं. साड्या आणि शाली ज्याच्या त्याच्याकडे गेल्या होत्या. राहिले होते पोस्टाच्या तिकिटांचे अल्बम आणि त्यांच्यावर ठेवलेलं एक लांब पारदर्शक पाकीट. पाकिटात अकरा तिकिटांची एक अखंड पट्टी. तिच्यातल्या बरोबर मधल्या, म्हणजे सहाव्या तिकिटावर हळदीचं बोट उमटलेलं. ही पट्टी अशीच ठेवायची, की ते सहावं तिकीट काढून तिचे दोन भाग करायचे, हे ठरवायचं होतं. आक्काने ते एकदा ठरवलं होतं. तेव्हा मी तिथे होतो, म्हणून भाचीने पाकीट माझ्या हातात दिलं.

आक्का माझी थोरली बहीण. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तिची सगळी नोकरी झाली. दाजी गार्ड होते. ते लवकर गेले, आणि मुलगी, नोकरी व तिकिटं एवढ्यावर आक्काने पुढचा संसार केला. आमच्या नात्यात कुणाला कसला छंद म्हणून नव्हता. जमीन, बाजार समिती, लग्नं, निवडणूक यांतून माणूस मोकळा झाला तर तो झोपत असे. आक्का मात्र ऑफिसातून आली की हात साबणाने धुऊन, कोरडे करून, टेबलाशी बसायची. एक चिमटा, एक भिंग आणि एक छोटी पट्टी, मोजायची. चहा त्या टेबलावर कधीच यायचा नाही.

सुरुवातीला तीही सगळ्यांसारखी मिळेल ते तिकीट जमवायची. मग एका निवृत्त जर्मन रेल्वेवाल्याशी तिचा पत्रव्यवहार सुरू झाला. दोघांचंही इंग्रजी बेताचं, त्यामुळे पत्रं छान सुटसुटीत असायची. त्याने तिला गुंडाळीच्या तिकिटांची गोडी लावली. पोस्टाची तिकिटं आपण पाहतो ती मोठ्या कागदावर छापलेली, पोस्टातला माणूस त्यातून हवी तेवढी फाडून देतो. काही देशांत यंत्रातून विकण्यासाठी तीच तिकिटं एकाला एक लागून लांबलचक पट्टीवर छापतात आणि तिची गुंडाळी करतात. त्यातलं एकेक सुटं तिकीट कुणीही जमवेल. खरा जमवणारा पट्टी जमवतो.

"सुट्यात काय वाईट आहे?" मी एकदा विचारलं होतं.

"वाईट काही नाही. पण सुटं तिकीट गुंडाळीतलं आहे हे कशावरून?" ती म्हणाली. "शेजारी पाहिजे ना त्याला सांगायला."

मी वाचनालयात आयुष्य काढलेला माणूस. मला वाटायचं, जुनं म्हणजे मौल्यवान. आक्काने माझा हा समज हळूहळू, न बोलता, एकेक पट्टी दाखवून घालवला. शंभर वर्षांपूर्वीचं तिकीट लाखांनी छापलेलं असेल तर त्याला कोण विचारतो. उलट अगदी अलीकडची एखादी पट्टी दुर्मिळ असते, कारण लोकांनी ती यंत्रातून काढली, फाडली, पत्राला लावली आणि अखंड ठेवायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

अमेरिकेच्या पट्टीत ठरावीक अंतराने एका तिकिटाच्या पायाशी बारीक आकडा असतो. ते तिकीट पट्टीच्या मधोमध यावं, दोन्हीकडे सारखी तिकिटं असावीत, तरच तिला मान. आकडा एका टोकाला आला की तीच तिकिटं, तोच कागद, पण किंमत उतरते. जर्मनीचा आकडा पाठीमागे, डिंकाच्या बाजूला असतो, दर पाचव्या तिकिटावर. त्यामुळे तिथे पाचाची पट्टी ही रीत, कारण पाचांत एक आकडा हमखास येतो. आणि त्याहून थोर ती अकराची, तिच्यात आकडे दोन तरी येतातच. आक्का ती उलटी करून दाखवायची तेव्हा मलाच श्वास रोखावा लागायचा.

डिंकाचं तिला फार होतं. तिकीट अल्बमला चिकटवलं की पाठीवर कायमची खूण राहते, आणि पाठ खराब म्हणजे अर्धं तिकीट गेलं. पावसाळ्यात डिंकाला ओल धरते, उन्हाळ्यात दौंडच्या कोरड्या झळीने तो तडकतो. भाची रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, आठवडाभर कारेगावात खोली घेऊन राहते. तिथे पार्टच्या खोक्यांतून ओल शोषणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या निघतात, ती शनिवारी त्या आईसाठी घेऊन यायची. बाकीच्या मुली आईला साडी आणतात, माझी मला कचरा आणते, असं आक्का कौतुकाने सांगायची.

एकदा तिकिटं जमवणाऱ्यांच्या क्लबातल्या कुणीतरी दोन बाजू सरळ कापलेलं एक तिकीट तिला दाखवलं. अमेरिकेच्या जुन्या गुंडाळीच्या तिकिटांना दोनच बाजूंना दाते असतात, उरलेल्या दोन सपाट. आक्काने भिंग लावलं, मग मोजायची पट्टी लावली आणि तिकीट हलकेच परत दिलं. रुंदी कमी भरत होती. साध्या तिकिटाचे दाते कात्रीने छाटून त्याला गुंडाळीचं केलं होतं. तिने त्या माणसाला सगळ्यांसमोर काही सांगितलं नाही. बाहेर पडल्यावर चपला घालताना सांगितलं. "तुम्ही फसलात की फसवताय ते मला नको. पण हे प्रदर्शनात लावू नका." त्याने पुन्हा कधी ते तिकीट बाहेर काढलं नाही, आणि आक्काला मात्र आयुष्यभर दिवाळीला फोन करत राहिला.

पट्टी दुमडायची नाही, हा तिचा मुख्य नियम. दोन तिकिटांमधली भोकांची ओळ एकदा दुमडली की कागद तिथे थकतो. दोनदा दुमडली की सुटायला लागतो. सुटलेली पट्टी मागून कागद लावून जोडता येते, पण ती पट्टी राहत नाही. हा नियम तिच्या हातात इतका मुरला होता की तो तिकिटांपुरता उरला नाही. एकदा आम्ही दोघं शिरूरहून दौंडला निघालो होतो. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून कंडक्टरच्या मशीनमधून आमची दोन वेगळी तिकिटं निघायची, तिचं अर्धं आणि माझं पूर्ण, एकाला एक लागून. कंडक्टर मधे फाडायला लागला तशी आक्का म्हणाली, "राहू द्या मास्तर, मधी फाडू नका."

"का ओ मावशी?"

"सवय हाय."

"आन् दोघं भांडलात तर?"

"भांडलो तरी दौंडलाच उतरायचंय."

न्हावरा येईपर्यंत तो कंडक्टर अधूनमधून आमच्याकडे बघून हसत होता.

ती अकराची पट्टी त्या जर्मन गृहस्थानेच पाठवली होती, त्याच्या शेवटच्या पत्रासोबत. पाठीमागे तिसऱ्या आणि आठव्या तिकिटावर आकडा, कागद करकरीत, डिंक जसाच्या तसा, एकही दाता आखूड नाही. आक्काने ती बरीच वर्षं माझ्याखेरीज कुणाला दाखवली नाही. मग क्लबाने आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं ठरवलं, आणि तिने प्रथमच नाव दिलं. तिकिटं मांडलेल्या तिच्या पानांवर सगळ्यांत वर ही पट्टी यायची होती. तिच्यासाठी ती गोष्ट मोठी होती. सगळी वर्षं दुसऱ्यांची पानं पाहून आलेली बाई आपलं पान लावणार होती.

त्याच दिवसांत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दौंडला झालं. आई माझ्याकडे शिरूरला असायची. डोळा अधू होत गेला तसे तिचे हात थांबत गेले होते. एकदा चहात मीठ पडलं, एकदा उकळत्या दुधाचं पातेलं हातून सुटलं. तिला कुणी बोललं नाही. तरी तिने स्वतःहून हात आवरले. भाजी निवडायला दिली तरी म्हणायची, "नगं. माझ्या हातून काय धड व्हत न्हाई." जिने शेत, गुरं, आणि आम्हा सगळ्यांना सांभाळलं ती बाई दिवसभर हात मांडीत घेऊन बसायची. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टरांनी हिरवा चष्मा दिला, पण हात मांडीतच. आक्काला याचं फार लागलं होतं. "डोळा परत आला," ती मला फोनवर म्हणाली, "आता हात यायला पाहिजेत."

खंडेनवमीला मी आईला भेटायला दौंडला गेलो होतो. आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्या त्याच्या कामाच्या हत्यारांची पूजा. कारेगावच्या कारखान्यांत मशीनला झेंडूचे हार पडतात, रस्त्यावरच्या ट्रकांना पडतात, शेतकऱ्याच्या घरी विळा-कोयत्याला हळदकुंकू लागतं. आक्का स्वयंपाकघरात होती, भाची फुलं आणायला गेली होती, मी खिडकीशी पेपर वाचत होतो. आई उठली. कुणी सांगितलं नव्हतं. तिने स्वतः पाट घेतला, पुसला, त्यावर कापड घातलं आणि घरात फिरून सामान गोळा करायला लागली. विळी आणली. दाजींची शिट्टी खुंटीवरून काढली. भाचीचा लॅपटॉप आणून ठेवला आणि त्याला बोट लावताना विचार करून झाकणाच्या कोपऱ्यात बारीक टिळा लावला. मी पेपर खाली ठेवून बघत राहिलो. किती दिवसांनी तिचे हात चालत होते.

मग आक्काच्या टेबलावरून चिमटा आला, भिंग आलं. आणि पट्टीही आली. ती त्या दिवशी पाकिटाबाहेर होती, कारण आक्का प्रदर्शनाची पानं मांडत होती.

आईने पट्टी पाटावर सरळ ठेवली. बोटाने तिकिटं मोजली, मधलं कुठलं ते पाहिलं, आणि ओल्या हळदीचं बोट बरोबर सहाव्या तिकिटावर टेकवलं.

आक्का हातात नैवेद्याचं ताट घेऊन दारात आली ती त्याच क्षणी. आईचं बोट कुंकवाच्या करंड्यात होतं. आक्काने ताट खाली ठेवलं.

"आई, कुंकू राहू दे."

"आगं, नुसती हळद कशी?"

"कागदाला कुंकू लावत नाहीत."

"असं व्हय." आईने कुंकवाचं बोट शिट्टीला पुसलं. "मधल्यालाच लावली बघ. म्हंजी दोन्हीकडं सारखं."

"बरोबर केलंस," आक्का म्हणाली.

मी आक्काकडे पाहत होतो. तिच्या तोंडावर काहीही दिसलं नाही. तिने आरती केली, नैवेद्य दाखवला, आम्हाला वाढलं. जेवणानंतर आईचा डोळा लागला तेव्हा ती पाटाशी बसली, चिमट्याने पट्टी उचलली, टिपकागदावर ठेवली. मी जवळ जाऊन विचारलं, "जाईल का?"

"हळद कुठं जाते?"

तिने पट्टी उलटी केली. ओल मागपर्यंत उतरली होती, सहाव्याच्या डिंकाला सुरकुती पडली होती. पाचवं आणि सातवं कोरडं होतं. तिने बटर पेपरमध्ये घालून पट्टी जाड शब्दकोशाखाली दाबली. संध्याकाळी आई उठली आणि पहिलं पाटाकडे गेली.

"पूजा हलवली का काय? दसरा व्हायचाय अजून."

दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत मांडलेली पूजा हलवायची नसते. आक्का शब्दकोश उचलून पट्टी घेऊन आली, पाकिटात घालून पाटावर तिच्या जागी ठेवली. रात्रभर ती विळी, शिट्टी आणि लॅपटॉपबरोबर तिथे राहिली. भाचीला कारखान्याचा एक मेल पाठवायचा होता, तोही तिने मोबाईलवरून पाठवला.

क्लबातले आप्पा म्हणून एक जुने जाणते आहेत. पोस्टातून निवृत्त झाले, शिक्रापूरला राहतात, आक्काला ताई म्हणायचे. तिने त्यांना फोन करून झालं ते सांगितलं. आई शेजारणीकडे गेली होती, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"सहावं काढून टाका," आप्पा लगेच म्हणाले. "पाच हिकडं, पाच तिकडं. दोन्हीत आकडा येतोय का?"

"येतोय. तिसऱ्यावर आणि आठव्यावर."

"मग झालं की. दोन स्वच्छ पाचाच्या पट्ट्या. डागाची अकरा कोण घेतंय ताई? तुमच्या पानावर पहिला डोळा डागावरच जाणार."

"आई येणार आहे बघायला."

"आवो, प्रदर्शन तिकिटांचं हाय का आईचं?"

आक्का हसली. मग म्हणाली, "आप्पा, ती माझी पूजा कुठाय म्हणून विचारेल. काढली म्हटलं तर का काढली विचारेल. एवढ्या दिवसांनी हात चालवलेत तिने. एकदा कळलं की आपण नासवलं, की परत कशाला हात लावायची नाही."

"बक्षीस जाणार बघा," आप्पा म्हणाले.

"जाऊ दे."

आक्काने हे 'जाऊ दे' कुठल्याही आविर्भावाशिवाय म्हटलं. नंतरही त्याचा उच्चार केला नाही. पुस्तकांत त्यागाचे मोठमोठे प्रसंग मी पुष्कळ वाचले आहेत. हा स्वयंपाकघराच्या दारात, फोन एका हातात आणि कणकेचा गोळा दुसऱ्या हातात असताना झाला.

प्रदर्शनाच्या दिवशी आईने इरकली साडी नेसली. हिरवा चष्मा तेव्हा लागत नव्हता, तरी प्रकाश फार आहे म्हणून घातला. हॉलमध्ये पानं चौकटींत लावली होती, समोर पारदर्शक प्लास्टिक. आईने बाकीच्या कुठल्याही चौकटीकडे पाहिलं नाही. आक्काच्या पानाशी खुर्ची मागून घेतली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली, "ही पट्टी माझ्या लेकीची. आन् ती हळद माझी."

शाळेची मुलं आली. एकाने विचारलं, "आजी, पोस्टाच्या तिकिटाला हळद लावतात?"

"खंडेनवमीला समद्याला लावत्यात. तुझ्या दप्तराला लावली का न्हाई?"

"नाही."

"मग मार्क कुठनं पडायचे?"

मी दाराशी वहीवर सह्या घेत होतो, पण माझं लक्ष परीक्षकांकडे होतं. पुण्याहून एक वयस्कर गृहस्थ आले होते. हातात भिंग, चौकटीमागून चौकट पाहत, बारीक आवाजात सोबतच्या मुलीला काही टिपून घ्यायला सांगत. डाग, डिंक, दुमड, असं ऐकू यायचं. आक्का खिडकीपाशी उभी होती. त्यांना आडवं जाऊन काही सांगणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि ते रीतीतही बसलं नसतं. ती फक्त आईकडे बघत होती.

परीक्षक पट्टीसमोर आले. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "अकरा अखंड. सुरेख आहे. पण हा डाग..."

"डाग न्हाई ओ," आई खुर्चीतून म्हणाली. "हळद हाय. मीच लावली."

परीक्षकांनी भिंग खाली केलं. आईकडे पाहिलं, मग मान वळवून आक्काकडे. आक्काने नुसती 'नको' अशी मान हलवली, इतकी थोडी की माझ्याखेरीज कुणाला दिसली नसेल. त्यांना दिसली.

"घरची हळद का आजी?"

"मग. इकतची असा रंग धरती का?"

"खरं आहे," ते म्हणाले. "पक्का रंग आहे." पुढच्या चौकटीशी जाईपर्यंत त्यांनी सोबतच्या मुलीला काही टिपून घ्यायला सांगितलं नाही. तिथे गेल्यावर सांगितलं, हळू आवाजात. मार्क त्यांनी कापले. कापायलाच हवे होते, आणि आक्कालाही त्यांनी न कापलेले आवडले नसते.

पहिलं बक्षीस एका तरुण डॉक्टरला मिळालं. आक्काला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र. घरी येताना रिक्षात आई गप्प होती. माझ्या मनात आलं, हिला कळलं की काय.

"त्या पयल्या नंबरवाल्याच्या पट्टीला हळद व्हती?" तिने विचारलं.

"नव्हती," आक्का म्हणाली.

"मग त्याला कसा दिला नंबर?"

"त्याची पट्टी लांब होती आई."

आईने यावर विचार केला. "मग पुढच्या बारीला तूबी लांब आन," म्हणाली. "हळद काय, मी लावीनच." आक्का एवढी हसली की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

त्यानंतर आईचे हात थांबले नाहीत. शिरूरला माझ्या घरी ती भाजी निवडायला लागली, वाती वळायला लागली, माझ्या बायकोने न सांगता डबे पुसून उलटसुलट लावून ठेवायला लागली. पुढच्या वर्षी ती गेली. वळलेल्या वातींचा डबा भरलेला होता, आक्का त्यातल्या मूठभर दौंडला घेऊन गेली. डागाचं आईला शेवटपर्यंत कळलं नाही. आक्काने ती पट्टी पुन्हा कुठल्या प्रदर्शनात लावली नाही, आणि तोडलीही नाही. आई गेल्यावर तोडायला हरकत नव्हती. मी तसं विचारलंही होतं. "असू दे की," एवढंच म्हणाली, आणि आकडे दाखवायला पट्टी उलटी केली, जणू मी ते पहिल्यांदाच पाहत होतो.

तेराव्यानंतर चार दिवसांनी आप्पा भेटायला आले. भाचीने त्यांना पाणी दिलं. आप्पा अल्बम पाहत होते, पानं अगदी हलक्या हाताने उलटत. ती सगळी पानं क्लबाने सांभाळावीत असं आक्काने त्यांना सांगून ठेवलं होतं, आणि ती नव्या लोकांना शिकवायला वापरू असं आप्पा म्हणाले. भाचीला ते पटलं. मग मी पाकीट पुढे केलं.

आप्पांनी पट्टी चिमट्याने बाहेर काढली. "ताईंना तवाच म्हटलं व्हतं," ते म्हणाले. "अजूनबी तसंच हाय. सहावं काढलं तर दोन पाचाच्या चांगल्या पट्ट्या. पोरांना दाखवायला लई कामाच्या."

भाची पट्टीकडे बघत होती. "मामा," ती म्हणाली, "सहावं काढलं तर ते मला द्याल? बाकीचं आप्पांना राहू दे. मला तेवढंच हवंय, आजीचं बोट."

म्हणजे सगळ्यांचं भागत होतं. क्लबाला दोन स्वच्छ पट्ट्या, भाचीला आजीचं बोट. पट्टी तशीच ठेवून कुणाचंच काही होत नव्हतं. आक्का असती तर काय म्हणाली असती याचा मी विचार केला. तिचा हात मला आठवला, पट्टी धरलेला. शब्द आठवला नाही.

"तूच काढ," मी भाचीला म्हटलं. "तुझा हात सरळ आहे."

ती हात धुऊन, पुसून आली. आईसारखीच. आप्पांनी तिला दाखवलं, आधी पाचव्या आणि सहाव्यामधली भोकांची ओळ हलकेच मागे दुमडायची, मग पुढे, मग ती आपोआप सुटते. तिने पट्टी दोन्ही हातांत धरली. दुमडायला बोटं टेकवली. बाहेर मालगाडीचे डबे जोडल्याचा आवाज येत होता.

मग तिने बोटं काढली.

"आईने मला लहानपणी एकच गोष्ट सांगितली होती," ती म्हणाली. "काहीही कर, पट्टी दुमडू नको." आणि पट्टी पाकिटात सरकवली. आप्पांनी चष्मा काढून पुसला, अल्बमांची पिशवी उचलली. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, ते तसेच उठून गेले. भाचीने पाकीट माझ्यापुढे केलं. "माझ्या कारेगावच्या खोलीत ओल आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडे राहू द्या. मी बघायला येत जाईन."

अल्बम क्लबात आहेत. दौंडचं घर बंद आहे. पट्टी शिरूरला माझ्या टेबलाच्या खणात सपाट ठेवली आहे, सोबत भाचीने दिलेल्या पांढऱ्या पुड्या आहेत. तिकिटं अकरा आहेत. सहाव्यावर हळद आहे.